अनोळखी गाण्याचे तीनशे रुपये

परवा शनिवारी कॉलेज रोडला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर गिग, म्हणजे छोटा लाइव्ह कार्यक्रम होता, आपल्या नाशिकच्याच चार पोरांच्या बँडचा. दोघं इंजिनिअरिंगवाले, एक आर्किटेक्ट आणि ड्रमर अंबडला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट करून आलेला, डोळे लाल. दुसरं गाणं संपलं आणि पुढच्या टेबलावरचा एक जण ओरडला, "भाऊ, अरिजितचं घ्या ना एखादं!" गाणारा पोरगा हसला आणि म्हणाला, "दादा, हे आमचं नवीन आहे, चार मिनिटं द्या फक्त." दादांनी चार मिनिटं दिली, पण मोबाईलला.

मला राग आला पण जास्त रागवता पण येईना, कारण पंधरा वर्षांपूर्वी त्या टेबलावर मी होते. म्हणजे अगदी ओरडले नसते, पण मनात तेच, की यार ओळखीचं काहीतरी घ्या ना.

नाशिकमध्ये गाणं ऐकणारी माणसं नाहीत असं जो म्हणतो त्याला मी दिवाळी पाडव्याला पिंपळपारच्या पहाटेच्या मैफलीला नेऊन उभं करेन. पाचला जा, बसायला जागा मिळत नाही, लोक स्वेटर घालून, बायका नव्या साड्यांत, म्हातारे घरून खुर्ची घेऊन. नाशिक ढोल सुरू झाला की रस्त्यावरची माणसं गाडी साईडला लावून थांबतात. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नातला ऑर्केस्ट्रा संपेपर्यंत लोक जेवायला उठत नाहीत. तेव्हा कानांची कमी नाहीये आपल्याकडे. फक्त जे गाणं आपण आधी ऐकलेलंच नाही, त्यासाठी खिशातून तीनशे काढायचे म्हटलं की हात आखडतो. आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच पेंड खातं, बाकी हॉल नाही, स्पॉन्सर नाही, ही रडगाणी त्यानंतरची.

माझं हे वेड सुरू झालं ते मुंबईत. लोअर परळला ब्लू फ्रॉग होतं, बँड लाइव्ह ऐकायचं ठिकाण, २००७ ला सुरू झालेलं, तिथे मैत्रिणीच्या भावाने एकदा नेलं आणि मग मी महिना दोन महिन्यांनी जायलाच लागले. आता नाशिकवाल्याचा प्रॉब्लेम बघा, पंचवटी एक्सप्रेस सीएसटीवरून संध्याकाळी सव्वासहाला सुटते आणि गिग सुरूच होणार नऊ साडेनऊला, म्हणजे जाताना पंचवटीने दिमाखात जायचं आणि येताना रात्रीच्या कुठल्यातरी मेलच्या जनरलच्या डब्यात दाराजवळ बॅगेवर बसून, कसाऱ्याला घाटाचं जादा इंजिन लागेपर्यंत डुलक्या घेत, नाशिकरोडला पहाटे उतरायचं, तिथून इंदिरानगरला रिक्षावाला मागेल ते द्यायचं आणि नऊला ऑफिस. जेवढं तिकीट त्याच्या दुप्पट खर्च वरचा. तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की महाग पडतंय. आणि हीच मी नाशिकमध्ये दोनशेच्या तिकिटासाठी "अरे पास नाही का" म्हणायचे! मुंबईला जाऊन पैसे दिले की आपण रसिक, गावातल्या पोरांना दिले की उपकार, असं काहीतरी डोक्यात असतं आपल्या. ब्लू फ्रॉग २०१६ ला बंद झालं. त्या वर्षी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की आता काय, आणि उत्तर गावात शोधायला लागले.

सुलाफेस्ट आहे की, असं लगेच कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणार, म्हणून आधीच सांगते. सुला वाइनरीचं हे म्युझिक फेस्टिव्हल २००८ पासून आहे, मी गेलेय आणि मला आवडतं पण. फेब्रुवारीतली ती थंडी, बाजूला द्राक्षाच्या वेली, ओपन अँफीथिएटरच्या पायऱ्यांवर बसून सूर्य खाली जाताना पहिला बँड लागतो ना, ते दृश्य मुंबई पुण्याला नाही मिळणार. मधली काही वर्षं बंद होतं, २०२५ ला परत झालं तेव्हा बरं वाटलं. पण ते दोन दिवसांचं लग्न आहे हो. उरलेल्या ३६३ दिवसांचा संसार कुठे करायचा? त्यात निम्मे लोक बाहेरगावचे, आणि आपले जे जातात ते फोटोत दिसतात, पुढच्या शनिवारी कॉलेज रोडच्या जिन्यावर दिसत नाहीत.

तर कॉलेज रोडचा जिना. वर गेलं की एक चाळीस माणसांची खोली, फरशी गुळगुळीत, एसी एकाच कोपऱ्यात लागतो. ज्यांनी कधी जवळून पाहिलं नाही त्यांना सांगते, ड्रमरच्या पायाशी जो मोठा ड्रम असतो, किक म्हणतात त्याला, तो प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो. त्याच्या पुढच्या पायांना टोकं असतात पण ती रुतायला खाली जाड काहीतरी लागतं, म्हणून ड्रमर लोक स्वतःची सतरंजी नाहीतर कार्पेट घेऊन फिरतात. या पोराची सतरंजी घरी राहिली होती. पहिल्या गाण्याच्या शेवटी ड्रम वीतभर पुढे आणि हा बिचारा स्टूलवर पुढे पुढे घसरत, पाय लांब करून वाजवतोय, चेहऱ्यावर मात्र असं की हीच स्टाईल आहे आपली. मी खाली गाडीतून योगा मॅट आणली. माझा नवरा पार्किंगमधले दोन पेव्हर ब्लॉक उचलून घेऊन आला आणि ड्रमच्या पुढे लावले. वॉचमन जिन्यापर्यंत मागे आला, "साहेब, कुठे नेताय ते?" टाळ्या पडल्या, बँडला नाही, नवऱ्याला. तो अजून सांगत फिरतोय.

साऊंडचं तर विचारू नका. भाड्याने जो सेट येतो त्याच्यासोबत जो दादा येतो तो आयुष्यभर ऑर्केस्ट्रा आणि भाषणं केलेला. त्याचं काम वाईट नाही, त्या कामात तो उस्ताद आहे. पण त्याच्या हाताला सवय अशी की माईक दिसला की इको चढवायचा. गाणारा "मी" म्हणाला की "मी मी मी मी" भिंतीवरून परत येतो. मागच्या वर्षी एका गिगला मी स्वतः जाऊन म्हटलं, "दादा, इको थोडा कमी करता का?" तर म्हणाले, "ताई, इको काढला तर आवाज उघडा पडेल त्याचा." मी म्हटलं, "पडू द्या ना, तेच ऐकायला आलोय." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू मिसळ तर्रीशिवाय मागितली. पण काढला. आणि मग त्या पोराचा आवाज आला, जरा घोगरा, वरच्या सुराला फाटणारा, पण त्याचा स्वतःचा. दादा पण मान हलवत होते नंतर. आता ते या पोरांचा सेट असला की आधी विचारतात, "कोरडा ठेवू ना?"

सासूबाई एकदा आल्या होत्या. ही माझी सगळ्यात आवडती आठवण आहे म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या. आईंचं गाणं म्हणजे नाट्यसंगीत आणि अभंग. मी त्यांना फोनवर 'अभंग रिपोस्ट' हा बँड लावून दिला होता, मुंबईची पोरं आहेत, बेस गिटार आणि ड्रम्सवर अभंग करतात. पहिल्यांदा म्हणाल्या, "हे काय चालवलंय?" दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना स्वतःच म्हणाल्या, "ते कालचं लाव गं." स्वरात्माचा व्हिडिओ पण दाखवला, बंगळुरूचा बँड, त्यांचा वासू दीक्षित कमरेला तो नाचाचा घोडा बांधून स्टेजवर येतो, ते बघून आई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी वरातीत असायचा की हा!" एवढं झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "आई, येता का शनिवारी? लोकल पोरं आहेत, दोन तासांचं आहे." म्हणाल्या, "खुर्ची मिळणार असेल तर येते."

खुर्ची पहिल्या रांगेत मिळाली. मागे एक ग्रुप बसलेला, कोणाचा तरी बड्डे, गाणं सुरू असताना यांची चर्चा की पुढच्या महिन्यात गोव्याला कोण कोण येणार. दोन गाणी आईंनी सहन केलं. तिसऱ्याला मागे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, ती मुलं काहीतरी सांगतायत, जरा ऐकू द्या." आख्खी खोली गप्प. गिटारवाला हसायला लागला आणि त्याचा कॉर्ड चुकला. संपल्यावर तो पोरगा आईंच्या पाया पडायला आला, तर कौतुक बाजूलाच, आईंनी त्याला सुनावलं, "आवाज चांगला आहे रे तुझा, पण शब्द कळत नाहीत. स्वतः लिहिलंयस ना? मग गिळतोस कशाला?" पोरगं लाजलं. पण त्यांचं शंभर टक्के खरं होतं. आपले बरेचसे इंडी, म्हणजे स्वतःची गाणी स्वतः करणारे, बँड मराठी गातात ते इंग्रजी गाण्याच्या चालीत तोंड अर्धवट मिटून, व्यंजनं खाऊन. मी इतकी वर्षं ऐकत होते, मला सांगायचं सुचलं नाही, बहुतेक आपण फार कूल आहोत या नादात.

बँडच्या चुका काढायला लागले तर ही अजून एक. सातचा टाईम लिहितात आणि पावणेनऊपर्यंत "चेक, चेक, वन टू". अरे बाबांनो, ओपन टेरेस असेल तर दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा. वर्षातले पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते गणपती नवरात्रात जातात, तुमच्या आमच्या गिगला त्यातलं काही उरत नाही. मग होतं काय, पाच गाणी झाली की मालक घड्याळ दाखवतो आणि जे सगळ्यात भारी गाणं शेवटी ठेवलेलं असतं ते राहूनच जातं. एका बँडचं शेवटचं गाणं मी तीन गिगमध्ये ऐकलेलं नाही. ते आहे की अफवा आहे अशी शंका यायला लागलीये.

आता मी अकाउंट्सवाली, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय पोस्ट संपणार नाही. त्या शनिवारी तिकीट होतं तीनशे. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पण नाही, त्यामुळे तेही कारण नको. खोली चाळीसची, आलेले बत्तीस, त्यातले अकरा "आपलेच" म्हणजे फुकट. एकवीस त्रिक त्रेसष्ट, सहा हजार तीनशे. साऊंडचे पाच हजार गेले. तेराशेत चार पोरं, रिक्षा, गिटारची तार तुटलेली, आणि रात्री भूक लागणारच. जे अकरा फुकट आले होते ते आले असते तीनशे देऊन, तर प्रत्येकाला हजाराच्या वर मिळाले असते. आणि त्या अकरांतले काही जण खाली कॅफेत चारशेची कॉफी आणि काहीतरी चीजवालं खाऊन वर आले होते, मी बिलं बघितलीत, सवय आहे. ड्रमरला मी विचारलं, "परवडतं का रे?" तर म्हणाला, "मॅडम, शिफ्ट आहे ना परवडायला."

याच गावात पंचवटीत शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुस्कर राहिले, रामनाम आधार आश्रम काढून. इंद्रकुंडाजवळ त्यांच्या नावाचं सभागृह आहे, आपण तिथून रोज गाडी काढतो. या माणसाने १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते कुठल्या राजाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या पैशावर. गाणं दरबारातून बाहेर काढून साध्या माणसासमोर आणलं आणि साध्या माणसाने त्याचे पैसे दिले. मला कधी कधी वाटतं, त्या पहिल्या पहिल्या लोकांना गाणं ओळखीचं होतं का? त्यांनी तर आयुष्यात बंदिश ऐकली नसेल धड, कारण ऐकायला मिळायचीच कुठे. तरी आले ना.

असो, फार झालं. पुढच्या शनिवारी परत आहे, तीच खोली, तीच पोरं. साडेसात म्हणजे साडेसात, मी त्यांना चांगलं झापलंय. गाडीत एक जागा आहे, इंदिरानगर बोगद्यापाशी थांबेन. आईंनी त्यांच्या लग्नातली जाड सतरंजी माळ्यावरून काढून ठेवलीये ड्रमखाली घालायला, "योगा मॅटवर कुणी ड्रम ठेवतं का" म्हणे. पेव्हर ब्लॉक मात्र परत उचलावे लागतील, वॉचमनशी नवऱ्याने बोलून ठेवलंय.