‘शाळकरी पोरालाही कळतं’: स्पष्टवक्ता यांना उत्तर

मागच्या आठवड्यात नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीच्या मालिश केंद्रातल्या दरांबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दारातून आत आलं की डाव्या हाताला फलक आहे, ‘जमेल तसे: ३०० / ५०० / ९००’. काम तेच, तेल तेच, पाऊण तास तोच. कोणता आकडा द्यायचा हे येणाऱ्याने ठरवायचं. आम्ही पगाराची चिठ्ठी मागत नाही की रेशन कार्ड मागत नाही. बाहेरच्या देशांत याला स्लायडिंग स्केल म्हणतात.

त्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने प्रतिक्रिया आली. ती अशी:

“ताई, लेख भावनिक आहे, हिशोब कच्चा आहे. परवडत नाही तो ३०० देणार आणि परवडतं तोही ३००च देणार, हे शाळकरी पोरालाही कळतं. तुमच्या दोन मदतनीस बायकांना काय मिळतं ते लेखात कुठेच नाही. मालिशने बरं होतं याला आधार काय? मेडिकल चौकातला दवाखाना मेयो नव्हे, मेडिकल; एवढं तरी तपासा. तिथे फिजिओथेरपी नाममात्र पैशात होते, मग तुमची गरज काय?”

यापुढे आणखी एक वाक्य होतं. ते मी गाळलं आहे, कारण ते उत्तर देण्याच्या लायकीचं नाही.

आधी माझी चूक कबूल करते, नाहीतर म्हणाल ताई ऐकूनच घेत नाहीत. मेयो आणि मेडिकल ही इथली दोन वेगळी सरकारी इस्पितळं, त्यांत माझी गफलत झाली. जन्म नागपुरात गेला, तरी झाली. लेखात दुरुस्त केलं आहे. धन्यवाद.

आता ‘शाळकरी पोरालाही कळतं’ याबद्दल. भाऊ (भाऊच धरून चालते, ताई असाल तर माफ करा), हे वाक्य मी चारदा वाचलं. ‘ऐपत असलेलेही कमीच देतील’ एवढं म्हटलं असतं तरी मुद्दा पोचला असता. त्यात शाळकरी पोरगं काहून आणलं? समोरची बाई खुळी आहे हे आधी ठसवायचं, म्हणजे तिने पुढे काहीही सांगितलं तरी लोक हसतच वाचतील, यासाठी. एखाद्या सीएने हाच लेख लिहिला असता तर तुम्ही ‘सर, एक शंका आहे’ अशी सुरुवात केली असती. मी नागपूरच्या महाल भागात वाढले आहे, कडक बोलण्याचं मला काही नवल नाही. पण समोर उभं राहून ‘काय बे’ म्हणणारा निदान तोंड दाखवतो. तुम्ही नाव झाकून स्पष्ट बोलून राहिले.

आणि शाळकरी म्हणताच आहात तर ऐका. मी शाळकरी होते तेव्हाच मला हे कळलं होतं, आणि तुम्हाला जे कळलं त्याच्या नेमकं उलट कळलं होतं.

माझी आजी महाल-इतवारीत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायला जायची. सकाळी सहाला पहिलं घर. सुट्टीत तेलाची बरणी धरून मी तिच्या मागे. वाड्यातलं घर असलं की बारशाला लुगडं, खण आणि वर रोख रक्कम. कोष्ट्यांच्या घरी, जिथे माग चालला तर चूल पेटायची, तिथे दोन शेर तांदूळ. तेही कधी मिळायचे, कधी ‘पुढच्या आठवड्यात देतो मावशी’. पण तेल तेवढंच जिरवायची, शेक तेवढाच द्यायची, धुरी तीच. एका घरात तिने सव्वा महिना काम केलं आणि काहीच घेतलं नाही. त्या घराने पुढेही कधी काही दिलं नाही, आजीने विचारलंही नाही. आई मात्र त्या घराचं नाव घेऊन शेवटपर्यंत टोमणे मारायची. म्हणजे तुमची प्रतिक्रिया माझ्या घरात चाळीस वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे. फरक इतकाच की आईला आजीपुढे ती नावासकट द्यावी लागायची.

एक खरं आहे. आजीला समोरच्याचा उंबरठा दिसायचा. माझ्याकडे माणूस येतो, त्याचं घर येत नाही. म्हणून तर फलक लावावा लागला.

वडिलांचंही सांगते, कारण ‘परवडणं’ हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. ते गिरणीत होते. उजवा खांदा आखडला. एका खाजगी दवाखान्यात शेक आणि व्यायामाचे दहा दिवस सांगितले, रोजचे पैसे वेगळे. ते तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी म्हणाले, “बरं वाटून राहिलं.” वाटत नव्हतं. नंतर मरेपर्यंत सदरा घालताना आधी उजवी बाही चढवायचे आणि डावा हात मागून वळवून घ्यायचे. उरलेल्या सात दिवसांचे पैसे कमी करून द्या, एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. फलकावर ३०० आधीच लिहिलेलं असलं की ते म्हणावं लागत नाही, टेबलावर ठेवून निघता येतं. हे शाळकरी पोराला कळतं का मला ठाऊक नाही, गिरणी कामगाराच्या पोरीला कळतं.

हिशोबाचं म्हणाल तर घ्या हिशोब. भाडं, लाइट, तेल (सर्वांगाला बरंच जिरतं), चादरींची धुलाई आणि हातांची मजुरी धरून एका बैठकीला आम्हाला ५०० पडतात. तीनशेवाल्यामागे २०० चा खड्डा. नऊशेवाल्यामागे ४०० वर. म्हणजे एक नऊशेवाला दोन तीनशेवाल्यांना ओढतो. कच्चा आहे का? वही काढून बसले होते काल रात्री. नऊशेवाले सगळ्यांत कमी, हे तुम्ही न सांगता मला माहीत आहे. पण सगळ्यांत जास्त तीनशेवाले नाहीत, पाचशेवाले आहेत. तीन आकडे मांडले की माणूस मधला उचलतो, त्यात लाजही राहते आणि खिसाही. ते फुकटही निजत नाहीत आणि त्यांचं वजन कोणावर पडतही नाही. बहुतेक महिने जुळतं.

गाडीतून येऊन तीनशे देणारे आहेत का? एक आहेत. सिव्हिल लाइन्सहून पांढऱ्या गाडीत येतात, तीनशे ठेवतात आणि जाताना आल्याचा चहाही मागतात. (वाचत असाल तर नमस्कार.) त्यांच्या गाडीवर किती कर्ज आहे, घरात कोण आजारी आहे, मला काय माहीत? चौकशी करायची तर खिडकीशी एक बाबू बसवावा लागेल, त्याचा पगार कोणत्या आकड्यातून काढू?

तुम्हाला हे माझं एकटीचं खूळ वाटतंय म्हणून जरा लांबचं सांगते. लांबचं म्हणजे इथून पंचाहत्तर किलोमीटर. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांसाठी ज्वारीचा आरोग्य विमा चालवला, डॉ. उल्हास जाजू त्यामागे होते. सुगीला घरटी ज्वारी जमा व्हायची. भूमिहीन मजुराची कमी, शेतवाल्याची जमिनीप्रमाणे जास्त, आणि दवाखान्यात सवलत दोघांनाही. तिथे कोणाकडे किती एकर हे अख्ख्या गावाला पाठ असतं, लपवणार कुठे? माझ्या फलकाला ती सोय नाही, मान्य. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं आणि पैसे देणाऱ्यांच्या जोरावर न देणाऱ्यांचे मोतीबिंदू काढत मोठं झालं.

पण मला खरी शिकवण मिळाली ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ‘वर्किंग क्लास अ‍ॅक्युपंक्चर’कडून. सुया टोचून उपचार करणारं हे केंद्र २००२ मध्ये सुरू झालं. तेव्हा दर होता १५ ते ३५ डॉलर, मधलं काहीही द्या, पुरावा नको. लोक दराचंच कौतुक करतात. मला त्यांची खोली महत्त्वाची वाटते. एका मोठ्या दालनात आरामखुर्च्या, आणि सगळ्यांवर एकाच वेळी उपचार. सुया लावल्या की माणूस डोळे मिटून पडतो, तोवर दुसऱ्याकडे जाता येतं. म्हणून त्यांना दर खाली आणता आला. मालिशमध्ये हात उचलला की काम थांबलं. एका जोडी हातांना दिवसाला पाच अंगं, फार तर सहा. त्यापुढे हातच मोडतात. त्यात सर्वांगाच्या मालिशला बाया उघड्या दालनात निजणार नाहीत, आणि निजूही नये. तरी आम्ही त्यातलं जमेल तेवढं उचललं. मान, खांदे, पिंढऱ्या, तळपाय हे कपड्यांवरून, पुढच्या खोलीत चार खुर्च्यांवर, वीस मिनिटांत. कळमना बाजारातल्या हमालांना तेवढंच हवं असतं, त्यांना कुठे सुगंधी मेणबत्त्या पाहिजेत. हा तुमच्या आक्षेपावरचा खरा उतारा होता आणि तो लेखात होता. पाचव्या परिच्छेदात. तिथवर तुम्ही आले असते तर.

बाकीचं पटपट. मालिशने ‘बरं होतं’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही, ‘आराम पडतो’ असं लिहिलं आहे, परत वाचा. हाड मोडलं, ताप आहे, पायात मुंग्या येतात, अशांना आम्ही हात लावत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. (पाटीवरचा ‘हीलिंग’ हा शब्द मला स्वतःला आवडत नाही, पण तो असला की धरमपेठेतून फोन येतात.) मेडिकलची ओपीडी सकाळची, आणि हमालाचा मालाचा ट्रकही सकाळचाच. आम्ही रात्री नऊपर्यंत उघडे असतो. आयुष्मान आणि फुले योजनेचं कार्ड भरती झाल्यावर कामाचं, भरलेल्या पाठीला त्याचा उपयोग नाही.

मदतनिसांचं म्हणाल तर त्यांना काय मिळतं हा त्यांचा खाजगी विषय आहे. तुमचा पगार तुम्ही इथे लिहिला का? दोघीही माझ्याकडे सुरुवातीपासून आहेत, घरच्यासारख्या आहेत. सणाला साडी असते. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत अंगाला तेल लावून घ्यायला कोण येणार बाप्पा, तेव्हा आम्ही तिघीही थोडं थोडं सोसतो. मी भाडं भरते, त्या सुट्टी घेतात. आजवर दोघींपैकी एकीनेही कुरकुर केलेली नाही. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

आणि ते गाळलेलं वाक्य. उत्तर देणार नव्हते, पण रात्रभर डोक्यात फिरत राहिलं, म्हणून लिहितेच. “एकूण काय, दुसऱ्यांच्या हातांनी समाजसेवा आणि स्वतःचं नाव.” दुसऱ्यांच्या हातांनी? माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ थंडीत असं ठणकतं की सकाळी नळ फिरवता येत नाही. हे उत्तर मी डाव्या हाताने टाइप करून राहिले, म्हणून दोन दिवस लागले. दिवसाच्या सहापैकी दोन अंगं आजही मी स्वतः करते. गुडघेदुखीमुळे आधी तीन करायचे, ते दोनवर आलं, एवढंच. बाकीची त्या दोघी करतात, आणि त्यांना ते जमतं म्हणून करतात. आणि नाव म्हणाल तर पाटीवर माझं नाव नाही, आजीचं आहे.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. यापुढे मात्र नाव नसलेली प्रतिक्रिया छापणार नाही, हा नियम आजपासून, तुमच्यामुळे. उत्तर द्यायचं असेल तर सोमवारनंतर द्या. शनिवार-रविवार माझ्याकडे लागोपाठ पाच बाया आहेत, त्यातल्या चौघी तीनशेवाल्या.