कासरा

परवा मला दोरी लावून फिरवलं. वय ४७, डोक्यावर दुसऱ्याच्या घामाचा वास येणारं हेल्मेट, बुडाखाली पोराटोरांची ११० सीसीची गाडी आणि मागून दोरी धरून चालणारा एक बावीस वर्षांचा पोरगा. मी जरा वेग घेतला की तो दोरी ओढायचा, की इंजिन बंद. असं सात वेळा झालं. मी मोजलंय.

गेलो होतो एटीव्ही बघायला. चार चाकं, पण हँडल मोटारसायकलसारखं आणि टांग टाकून बसायचं, ती. माझं रान पंचगंगेच्या काठाला, ६० गुंठे, सगळा ऊस. पावसाळ्यात तिकडची पाणंद, म्हणजे रानात जायची वाट, नुसता रबरबाट. खताचं पोतं डोक्यावरनं न्यायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तो पोत्यापेक्षा महाग पडतो. शिवाय रविवारी पन्हाळ्याच्या अंगाला डोंगरातनं जरा उडवावी, अशीही एक हौस होती. बायकोला फक्त पोत्याचं सांगितलं होतं.

घोळ इथंच आहे. कामाची एटीव्ही वेगळी आणि खेळाची वेगळी. कामाचीला चारी चाकांना ताकद, पुढं-मागं लोखंडी रॅक, आत पट्ट्यावर चालणारे ऑटोमॅटिक गिअर, चिखलातनं हळू ओढायला ‘लो’ गिअर, नाकावर विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेनं ओढून काढायचा रहाट. वजन तीनशे किलोच्या आगंमागं. खेळाची हलकी, बहुतेक मागच्या दोनच चाकांना जोर, पायात गिअर, हातात क्लच, आणि ढेकळावरनं उडाली तरी दणका गिळणारे लांब शॉकॲब्सॉर्बर. पोतं ठेवायला जागा म्हणजे तुमची मांडी. महिनाभर रात्री अंथरुणात मोबाईलवर हेच वाचत होतो. होंडाची १९७० ची पहिली गाडी तीनचाकी होती, ती जात उलटून उलटून इतकी बदनाम झाली की १९८८ ला अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्रीच थांबली, हेही मला पाठ. आमच्याकडं तीन चाकांची वडाप रिक्षा आठ माणसं घेऊन अजून सरळ चालते, ते सोडा.

तर दुकान. हायवेला, नाव सांगत नाही. मोठी गाडी गालिच्यावर उभी केलेली. “डिस्प्लेला आहे सर, ट्रायल नाही.” मग एक फॉर्म. पोरानं मोठ्यानं विचारलं, “वजन?”

“ब्याऐंशी.”

“नव्वदच्या खाली न्हाई,” मागून आवाज आला.

वळून बघितलं तर तात्या. नाव ठाऊक नाही, तात्याच म्हणायचं वय होतं. पांढरी टोपी, विजार, अंगाला म्हशीच्या गोठ्याचा वास, आणि काखेत तान्हं पोर धरावं तसा एक सायलेन्सर. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात आले होते, वेल्डर जेवायला गेला म्हणून सावलीला इकडं. एसीच्या सावलीला.

“घेतासा काय?”

“बघतोय.”

“कशाला?”

“खत न्यायला.”

“आनी?”

हे ‘आनी’ मला महिनाभरात कुणी विचारलं नव्हतं. मी बारीक आवाजात म्हटलं, “जरा फिरायला.”

“मग तसं बोला की. नाद हाय.” आणि त्यांनी सायलेन्सर गालिच्यावर ठेवून गाडी तपासायला घेतली. बाजारात बैलाचे दात बघतात तशी. पहिल्यांदा टायरात अंगठा रुतवला.

“हवा न्हाई.”

“पाच पौंडच असते काका. मऊ राहिलं की चिखलात पसरतंय, रुतत नाही.”

“पाच? नातवाच्या फुटबॉलात धा असतीया.”

पोराचे डोळे चमकले. “नातू कुठं खेळतो?” झालं. कोल्हापुरात फुटबॉलचा विषय निघाला की दवाखान्यात पेशंटसुद्धा उठून बसतो. तात्या पाटाकडील तालमीच्या संघाचे निघाले, पोरगा खंडोबा तालमीचा. शाहू स्टेडियमवरच्या कुठल्याशा पेनल्टीवरून दहा मिनिटं वाद. तेवढा वेळ मी हेल्मेट काखेत घेऊन उभा. गिऱ्हाईक मी होतो, एवढं नमूद करून ठेवतो.

मग तात्यांनी हँडल धरलं आणि मूठ पिळली. ती हलेना.

“मूठ नाही काका, अंगठा. हा खटका अंगठ्यानं दाबायचा.”

“म्हंजे शिकलेल्याचं काम न्हाई. अंगठेबहाद्दराची गाडी.” माझ्याकडं बघून म्हणाले, का ते कळलं नाही. मी पदवीधर आहे.

“रॅक किती पेलतंय?”

“मागचं नव्वद किलो.”

“युरियाचं पोतं आता ४५ चं. दोन बसली. पर डीएपी ५० चं. दोन टाकली की शंभर. वरचं धा किलो ह्यांच्या मांडीवर?”

“एकच टाकायचं मग.”

“एका पोत्याला चार चाकं!” तात्या हळहळले. “बरं, मागं मानूस?”

“नाही काका. एकट्याचीच गाडी आहे ही. वळताना अंग टाकायला सीट मोकळी लागते.”

“मग मालकिनीला काय सांगनार?” हा प्रश्न मला होता. मी विंचकडं बघत राहिलो.

“आनी रस्त्यावर?”

पोरगा पहिल्यांदा चाचरला. रस्त्यावर चालत नाही, नोंदणीच होत नाही, स्वतःच्या रानातच फिरवायची. पोलारिस कंपनीची एक ट्रॅक्टर म्हणून नोंदता येते, पण ती आमच्याकडं नाही.

“मग हितनं रानात न्यायाची कशी?”

“टेम्पोत घालून.”

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “म्हंजे पोतं ही न्येनार, आनी हिला टेम्पो न्येनार.” जरा थांबून, अगदी मायेनं, “मग पोतंच टेम्पोत घातलं तर?”

महिनाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचलेलं सगळं एका वाक्यात भुईसपाट. मी काहीतरी ‘दीर्घकालीन’ म्हणून सुरुवात केली, पण तात्यांचं लक्ष उडालं होतं. त्यांचा खरा प्रश्न अजून व्हायचा होता.

“हिच्या मागनं म्हस पळंल का?”

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, अंगावर नक्षी, गळ्यात घुंगरं. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवरून पुढं सुटतो आणि म्हैस त्या आवाजाच्या मागं पळते. दोरी नाही, काठी नाही. तिला आपल्या गाडीचा आवाज पक्का ओळखू येतो. तात्यांची बजाजची एम-८० होती, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवायचे हुक असलेली. तिचाच सायलेन्सर काढता-घालता करून घ्यायला ते आले होते.

“हिचा सायलेन्सर काढला तर वॉरंटी जाते काका.”

तात्यांनी गाडीवरचा हात काढून घेतला. विषय संपला.

संपला त्यांचा. माझी ट्रायल बाकी होती. दुकानामागं मुरमाचे दोन ढीग, टँकरनं केलेला चिखल, आणि ही छोटी लाल गाडी. “आधी हिच्यावर हात बसू दे सर, सेफ्टी आहे.” मागं ती दोरी. आईबापानं मागून धरून चालायची असते, पोरगं सुसाट निघालं की ओढायची. गाडीच्या पाठीवर स्टिकर होता. पोरानं तो तात्यांना वाचून, वर मराठीत फोड करून सांगितला की मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय चालवू नये.

“हाय की मी देखरेखीला,” म्हणत तात्या मुरमाच्या ढिगावर बसले.

गुडघे हँडलला लागत होते. पहिल्या वळणावर दोरी. ढिगाच्या चढावर, ऐन वर पोचताना, दोरी. “सोड की जरा!” मी ओरडलो. पोरगा म्हणाला, “परवा एकानं कंपाउंड पाडलंय सर.” मग दुसऱ्यानं पाडलेल्याची शिक्षा मला? ढिगावरून तात्यांची कॉमेंट्री: “कासरा आखूड धर रं, खोंड नवं हाय.” सातव्या वेळी गाडी चिखलाच्या मधोमध बंद पडली आणि मी बूट भरवत उतरलो. तेव्हा वेल्डरसुद्धा डबा घेऊन बघायला आला होता.

आता हसतोय, पण हे सगळं मुळात करायचं कशाला? पाणंद नीट असती तर मी कशाला एटीव्हीच्या नादाला लागतोय? नकाशात ती बैलगाडी जाईल एवढी आहे. दोन्ही बाजूचे शेजारी दरवर्षी एकेक सरी आत सरकले. आता दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उसात शिरायचं. मोजणीचा अर्ज कुठं दिला, किती वेळा दिला, हे सांगत नाही. साहेब ‘बघतो’ म्हणालेत आणि ते खरंच नुसतं बघतायत. ट्रॅक्टर आत जात नाही म्हणून तोडणीची टोळी शेवटी येते, आली की मोळ्या डोक्यावरनं काढायचे वेगळे पैसे, ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे चिरीमिरी, वेगळी. तोवर उसाला तुरे आलेले असतात. आणि मी इकडं चिखलात बूट शोधतोय.

परतायला वडाप मिळेना. तात्या म्हणाले, “बसा मागं, गंगावेशीत सोडतो.” एम-८० ला आधीच वैरणीचा भारा बांधलेला; त्यावर मी. सायलेन्सर माझ्या हातात दिला, “धरा जरा.” आणि जो काय आवाज निघाला! शिरोलीपासून लोक वळून बघत होते. एक कुत्रं पंचगंगा पुलापर्यंत मागं आलं. खड्डा आला की मी वैरणीत रुतायचो आणि परत वर यायचो. लांब शॉकॲब्सॉर्बर म्हणतात ते हेच असावेत. तात्या मध्येच मान वळवून काहीतरी सांगत होते. मला फक्त ‘म्हस’ एवढाच शब्द ऐकू येत होता.

घरी आलो. बायकोनं आधी चिखलाचे बूट बघितले, मग काजळीनं काळा झालेला शर्ट.

“गाडी बघाया गेला हुतासा न्हवं? मग ह्ये काय आनलासा?”

सायलेन्सर माझ्या हातातच होता. तात्यांचं ना नाव ठाऊक, ना नंबर. सध्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागं ठेवलाय. पाडवा होईपर्यंत त्यांना तो लागणारही नाही.