गोव्यात ग्रीन बिल्डिंग बांधताय? मग आधी हवामान निवडा

गोव्यात प्लॉट घेतलाय, त्यावर काहीतरी ग्रीन उभं करायचंय आणि शेजारचे लोक सांगतायत की आधी इथला पाऊस बघा, वारा कुठून येतो ते बघा? अजिबात बघत बसू नका. हवामान ही बघायची नाही, निवडायची गोष्ट आहे. बिल्डिंग किती ग्रीन याचे पॉइंट मोजून सर्टिफिकेट देणाऱ्या रेटिंग सिस्टिम जगात भरपूर, प्रत्येक आपापल्या देशातल्या थंडी-उन्हाच्या हिशोबाने बनलेली, मग तुमच्या नकाशाला जो देश मानवेल तो उचलायचा, प्लॉट पेडण्यात का असेना.

थंडी आवडत असेल तर ब्रीम ही सिस्टिम घ्या. इंग्लंडची, 1990 ची, सगळ्यात जुनी. तिकडच्या बिल्डिंगला मुख्य काळजी एकच, आतली ऊब बाहेर जाऊ नये, म्हणून फटी बुजवा, इन्सुलेशन जाड करा. इकडे तसंच करा आणि जुलैभर दार बंद ठेवा, चवथीला कपाट उघडलंत की चामड्याच्या पट्ट्यावर छान पांढरी लव आलेली असेल. तिलाही हिरवळच म्हणायचं, रंगाचं एवढं काय!

वाळवंट आवडत असेल तर अबू धाबीची पर्ल, 2010 ची, स्टारऐवजी एक ते पाच मोती देतात. तिकडे वर्षाला शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, त्यामुळे पाणी वाचवण्याला वजन भारी. आपल्याकडे तेवढा पाऊस जूनमध्ये कधीकधी एका दिवसात पडतो आणि वर्षाचा आकडा तीन हजारांच्या आसपास जातो. पण ब्रोशरमध्ये कॅक्टसची बाग फार सुंदर दिसते. ती ऑगस्टपर्यंत कुजेल आणि मे महिन्यात तुम्ही टँकरला फोन लावत बसाल, त्याचे मोती कोणी कापत नाही.

पण खरी मजा अमेरिकेच्या लीडमध्ये. एकूण 110 पॉइंट, 80 झाले की प्लॅटिनम. वीज किती वाचली हे कशाच्या तुलनेत मोजायचं? तर तुमच्याच आकाराच्या, नियमापुरत्या बांधलेल्या एका काल्पनिक बिल्डिंगच्या तुलनेत. शेजारच्या चिऱ्याच्या घराशी तुलना नाही, तिथे तुम्ही हराल. 2009 च्या आवृत्तीत जे अमेरिकन स्टँडर्ड धरायचे त्यात तर एसी असलेल्या जागेला कॉम्प्युटरवरच्या विजेच्या हिशोबात हीटरही लावावा लागायचा, प्रत्यक्षात बसवायचा नसला तरी! म्हणजे मडगावच्या ऑफिसलासुद्धा कागदावर हीटर. तो कधी चालू व्हायचा नाही ही गोष्ट वेगळी, पण कन्सल्टंटने तो मनापासून बसवायचा. सायकल स्टँडचा एक पॉइंट अजून आहे, पर्वरीच्या चढावर बांधा, कोणी सायकल आणणार नाही, स्टँड कायम नव्यासारखा राहील. छताला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या आणि फोटो लगेच काढून घ्या, कारण एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरून ते काळं पडतं.

देशीच पाहिजे? ग्रिहा आहे, टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाची, किंवा हैदराबादच्या आयजीबीसीची, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची. शिवाय बिल्डिंगमधल्या वीजबचतीच्या सरकारी कोडमध्ये देशाचे पाच हवामान विभाग केलेत, त्यात आपण उष्ण-दमट, आणि आपल्याच डब्यात मुंबई, चेन्नई, कोलकाता. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर आणि तोही दुपटीने, पण डबा एकच. घरांसाठीच्या कोडमध्ये भिंती-खिडक्यांतून उष्णता किती आत येते ते मोजतात, चौरस मीटरला 15 वॉटच्या वर नको. पाणी किती आत येतं ते जुलैत पाहुणे मोजतील.

सिंगापूरची ग्रीन मार्क, 2005 ची, दमटपणाच्या बाबतीत आपल्या जवळची, म्हणून तिच्यापासून लांब राहा. तीही नेमकी बसत नाहीच, तिकडे पाऊस वर्षभर वाटून पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो.

आणि ते लांब वळचणी, बाल्कांव म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक असलेलं जुनं घर? त्याला कुठलंच सर्टिफिकेट नाही, कारण कोणी फी भरली नाही. पाडा, मलबा दुसरीकडे रिसायकल केलात तर त्याचाही पॉइंट मिळतो.

आता गिऱ्हाईक. सॅम्पल फ्लॅट जानेवारीतच दाखवा, तेव्हा गोव्यात सगळ्याच बिल्डिंगा ग्रीन वाटतात. फ्लॅट शक्यतो दिल्लीवाल्यांना विका, ते डिसेंबरात येतात, नाताळ करतात आणि जातात, बाकी वर्षभर कुलूप, लाइट बिल जवळपास शून्य. एवढा भारी एनर्जी परफॉर्मन्स स्वीडनलाही जमायचा नाही. फक्त सर्टिफिकेट रिन्यू करायच्या वर्षी कोणी खरंच राहायला आलं नाही ना, तेवढं वॉचमनला बघायला सांगा.