मोजणी पुन्हा एकपासून? नको!

'एक दिवस खाडा झाला की मोजणी पुन्हा एकपासून, २१ दिवसांत सवय पक्की' हा सल्ला वाचून हसू आलं. गेल्या जानेवारीत याच नियमाने माझा बळी घेतला. पहाटे साडेपाचला जळगावच्या मेहरूण तलावाला चक्कर, असं ठरवलं होतं. नऊ दिवस कानटोपी घालून नेटाने गेलो. नवव्या रात्री मामेभावाच्या मळ्यात भरीत पार्टी! कपाशीच्या काड्यांवर भाजलेली लेवा वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. घरी यायला एक वाजला, पहाटे कोण उठतंय? कॅलेंडरवरच्या नऊ फुल्या वाया गेल्या म्हणून जे सोडलं ते सोडलंच. भरीत पार्ट्या तर संक्रांतीनंतरही चालू असतात आमच्याकडे, किती वेळा एकपासून मोजणार?

लंडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास नंतर वाचनात आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही! १ जानेवारीपासून ६६ म्हणजे ७ मार्च, २५४ म्हणजे थेट ११ सप्टेंबर. मधे जळगावचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. थंडीत काय, कुणीही चालतं हो. यंदा फुल्या मारतोय, पण खाड्याचा चौकोन नुसता कोरा सोडतो. आतापर्यंत चार कोरे आहेत, त्यातले तीन भरताचे.