पुसण्याआधी सांगा ना की ही फोटोंची डिस्क आहे म्हणून!!

तळपायाची आग मस्तकात गेलीये आणि चार दिवस झाले तरी उतरत नाहीये.

मामाचा लॅपटॉप जुना, विंडोज ११ त्यावर चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मीच म्हटलं विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाक, धडधाकट मशीन भंगारात कशाला घालायचं. लिनक्सचा पेनड्राइव्ह करून दिला आणि फोनवर बसले. मागे दुकानदाराने त्यात ५०० जीबीची एसएसडी बसवलेली आणि फोटोंची जुनी हार्ड डिस्क, तीपण ५०० चीच, डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डिस्कच्या चौकटीत, घातलेली, आपल्याकडे सर्रास करतात तसं. तर इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स टाकून देणारा प्रोग्राम, काय दाखवतो? दोन डिस्कची नुसती नावं आणि जीबी: एसडीए ४६५.८, एसडीबी ४६५.८. बास, एवढंच!

मामा विचारतो, "अगं, यातली फोटोंची कुठली?"

मी इकडून काय सांगणार? ५०० चे ४६५ कसे झाले इथेच तो अडकलेला, त्यात मराठी निवडलेली म्हणून स्क्रीनवर डिस्कच्या भागाला, पार्टिशनला, 'विभाजन' लिहिलेलं, मी आपली पार्टिशन पार्टिशन करतेय आणि तो बिचारा तो शब्द शोधतोय. मी म्हटलं एसडीए म्हणजे एसएसडीच असेल. नव्हती, फोटोंचीच निघाली. या नावांचा क्रम कायम तोच राहील याची काही खात्री नसते, हे मला माहीत होतं तरी बोलून गेले.

बरं, शेवटचा इशारा काय, तर विभाजन १ ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) म्हणून फॉरमॅट होईल. अरे पण त्यावर आत्ता आहे काय ते कोण सांगणार? आणि सांगता येत नाही असंही नाही हो! आधीचं विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते शोधायला हेच इन्स्टॉलर सगळ्या डिस्क चाळतात, विंडोजचं पार्टिशन छोटं करायचं म्हटलं की किती जागा भरलीये तेही बरोबर मोजतात. मग 'या डिस्कवर ३०० जीबी भरलेत, फोटो नावाचं फोल्डर आहे, हे सगळं जाईल' एवढं एक वाक्य लिहायला काय होतं? २००६ साली उबुंटूने (लिनक्सचाच एक प्रकार) लाइव्ह सीडीवर आधी वापरून बघा, मग तिथूनच टाका अशी सोय दिली, तेव्हापासून इन्स्टॉलर दिसायला कितीतरी देखणे झाले, गोल कोपऱ्यांची बटणं, कॉपी होताना सरकणारी चित्रं. आणि जिथे माणसाचा हात थरथरतो त्या पानावर अजून एसडीए एसडीबी!

बॅकअप घ्यायला हवा होता म्हणणारे येतीलच. हो, हवा होता. पण साठीच्या माणसाने एक चुकीचं बटण दाबलं की बारा वर्षं पुसली जावीत, हे मला मान्य नाही.

पुसलेल्या फाइली शोधून देणारं फोटोरेक चालवलं, हजारो फाइली परत आल्या, पण नावं गेली, फोल्डर गेले, नुसते आकडे. मामा रोज रात्री एकेक उघडून बघतो. ताईच्या लग्नातले बरेच मिळाले. आजीच्या शेवटच्या दिवाळीतला एकही अजून नाही.