आमच्या नळाला पाणी आलंय, भाऊंच्या मेसेजमध्ये

पहाटे ५ वाजून ४२ मिनिटांनी फोन वाजला. एवढ्या पहाटे फोन वाजला की आमच्या घरात सगळे उठून बसतात, कारण या वेळेला कोणीतरी गेलेलंच असतं. आई अंथरुणातूनच म्हणाली, "कोण गेलं रं?" कोणी गेलं नव्हतं. भाऊंचा कार्यअहवाल आला होता.

भाऊ म्हणजे आमचे आमदार. नाव कशाला सांगू, तुमच्याकडेही एक असेलच. भाऊ, दादा, आबा, नाना, अण्णा, यांतलं कुठलंही घाला, मेसेज तोच.

आता हा अहवाल एका दमात वाचून होत नाही. अंगठ्याने वर ढकलत राहायचं, तोवर चहा उकळून गार होतो. पहिल्या चार ओळी नुसती विशेषणं. कार्यसम्राट, विकासपुरुष, जनसेवक, मतदारसंघाचे भाग्यविधाते. मग क्रियापदं, तीही सगळी कर्मणी. निधी मंजूर करण्यात आला, श्रीफळ वाढवण्यात आले, प्रश्न मार्गी लावण्यात आला, आभार मानण्यात आले. कोणी मानले आभार? मी तर नाही. मी गणिताचा मास्तर, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकूण मुद्दे १७. 'मार्गी' ११ वेळा. 'अथक' ७ वेळा. 'दिर्घ पाठपुरावा' ४ वेळा, आणि चारही वेळा पहिली वेलांटी. अरे, निदान हा एक शब्द तरी दीर्घ लिहा! सोबत बॅनर. बॅनरवर ३१ चेहरे. वर गोल चौकटींत दिल्ली-मुंबईचे, निम्म्या जागेत हात जोडलेले भाऊ, आणि खाली तिळाएवढे कार्यकर्ते, ज्यांना आपला चेहरा कुठला हे झूम करून बायकोला दाखवावं लागतं.

इथवर मी चिडलो नव्हतो. इथवर दर महिन्याचंच आहे. मग आला मुद्दा क्रमांक ६.

'वाडीवरील महिला भगिनींच्या डोक्यावरचा हंडा कायमचा उतरला!'

महिला भगिनी. पुरुष भगिनी कुठं असतात ते मला एकदा दाखवा. पण ते असो. खाली फोटो होता. निळा पाइप, पाइपाला चकचकीत चावी, चावीखाली हंडा, हंड्यात धो धो पाणी, आणि हंड्याला हात लावून हसणारी म्हातारी. म्हातारीखाली पिवळ्या अक्षरांत 'समाधानी लाभार्थी'.

ती माझी आई आहे. तो माझा नळ आहे. हंडाही आमचाच, खालच्या बाजूला पोचा आहे तो मीच पाडलाय. आणि मी हे वाचत होतो तेव्हा अंगणातल्या त्याच नळातून 'सूंऽऽ' असा आवाज येत होता, कारण आईने सवयीने चावी सोडून ठेवली होती आणि आत हवेशिवाय काही नव्हतं.

झालं काय होतं ते शेजारच्या काकूंकडून कळलं. मागच्या मंगळवारी मी शाळेत असताना सकाळी दोन टँकर गावच्या नव्या टाकीत रिकामे झाले. दहा वाजता वाडीचा व्हॉल्व्ह सोडला. एकाने येऊन आमच्या चावीवरची कोळिष्टकं फडक्याने पुसली. मग तीन गाड्या आल्या, भाऊ स्वतः नव्हते, त्यांचे स्वीय सहायक होते. आईला म्हणाले, "आजी, हंडा आणा." आईने आणला. म्हणाले, "आजी, हसा." आई हसली. तिला काय, ती मुलखाची हौशी. फोटो झाला, व्हिडिओ झाला, "आता कसं वाटतंय?" झालं. गाड्या गेल्या आणि त्यांच्या धुळीबरोबर पाणीही गेलं. तेवढ्यात आईने चार हंडे आणि एक कळशी भरून घेतली. तिची अक्कल दांडगी, सगळ्या योजनांचा लाभ तिला कळतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून जलजीवन मिशन जाहीर झालं. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. २०२४ आलं, गेलं, मुदत वाढून २०२८ झाली. आमच्या अंगणात नळ बसून ९०० दिवस झाले असतील. घरात आम्ही चौघं. ५५ गुणिले ४ म्हणजे दिवसाला २२०. गुणिले ९०० म्हणजे १ लाख ९८ हजार लिटर. मिळालं किती? हंडा १५ लिटरचा, कळशी ५ ची, एकूण ६५ लिटर. शेकडा ०.०३. माझ्या वर्गात कोणी एवढे मार्क पाडले तर मी त्याच्या बापाला बोलावून घेतो. इथं बापाने बॅनर लावलाय.

ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, "बिलं थकलीत सर, आम्ही काय घरातलं घालू?" त्याचंही खोटं नाही, राज्यभरचे ठेकेदार थकलेल्या बिलांपायी रस्त्यावर उतरलेच होते. मग तेच लिहा ना! 'काम अर्धवट आहे, पैसे आलेले नाहीत, भांडतोय.' एवढं लिहिलं असतं तर मी स्वतः तो मेसेज दहा जणांना पुढे पाठवला असता. पण नाही. हंडा कायमचा उतरला. उतरला तो रिकामाच, हे कोण लिहिणार?

आणि आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही ऐका.

मुद्दा ९, 'जिवंत सातबारा मोहीम यशस्वी'. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, अशी ही २०२५ सालची मोहीम. कल्पना चांगली, तिला मी नाव ठेवणार नाही. पण आमचे वडील २०१८ साली गेले आणि सातबाऱ्यावर अजून ठणठणीत आहेत. मृत्यूचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं, भावकीच्या सह्या आणल्या, त्यासाठी दोन भावकीवाल्यांना जेवायला घातलं. दर खेपेला एक कागद कमी पडतो, आणि दर खेपेला तो वेगळा असतो. मधल्या काळात बदल झाला तो एवढाच, की तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. मेलेल्या माणसाचं नाव काढायला सात वर्षं पुरत नाहीत, खुर्चीचं नाव एका बैठकीत बदलतं.

मुद्दा ११, लाडकी बहीण. आईचं वय ७४. लाडक्या बहिणीला वयाची अट २१ ते ६५, म्हणून १५०० रुपये नाहीत. एसटीचा फुकट प्रवास ७५ नंतर, म्हणून तोही नाही. दोन योजनांच्या बरोबर मध्ये माझी आई उभी आहे, हातात हंडा घेऊन. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून, ते मिळतं. मिळतं म्हणजे मिळालं असतं. वाडीला येणारी एकुलती एक गाडी 'रस्ता खराब' म्हणून फाट्यावरूनच वळते. अर्धं तिकीट, अर्धा रस्ता, हिशेब चोख आहे.

आणि त्या रस्त्याचं काय सांगावं! चार किलोमीटर. त्याचं भूमिपूजन आजवर तीनदा झालं. तीन नारळ फुटले, तीन वेळा पेढे वाटले, फलकही तीन आहेत, एकामागे एक, पंगतीला बसल्यासारखे. दुसऱ्या फलकाच्या सावलीत आमची पोरं गाडीची वाट बघतात, त्यामुळे 'लोकोपयोगी काम' म्हणायला हरकत नाही. 'प्रश्न मार्गी लागला' म्हणतात तेव्हा मला हाच रस्ता आठवतो. मार्गी लागलेले सगळे प्रश्न बहुतेक याच मार्गी लागलेत आणि फाट्याच्या पुढं कुठंतरी चिखलात रुतलेत.

बसथांब्यावर एक सिमेंटचं बाकडं आहे. त्यावर 'भाऊंच्या आमदार निधीतून' असं लिहिलंय, आणि अक्षरं बाकड्यापेक्षा मोठी. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे माझ्या पगारातून दर मार्चला जो कर कापला जातो त्यातून. मग बाकड्यावर माझं नाव का नाही? निदान टेकायच्या जागी तरी घाला.

मुद्दा १२ पासून पक्षवार्ता. हा भाग मी खरंतर वाचत नाही, आज रागाच्या भरात वाचला. 'असंख्य कार्यकर्त्यांचा जाहीर प्रवेश.' फोटोत मोजले, नऊ. नवातले चार मागच्या वर्षीही प्रवेश करताना होते, उपरणं तेवढं वेगळं होतं. मग निवडी: तालुका उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, कार्यकारी सहसंघटक, समाजमाध्यम समन्वयक. वाडीत घरं ६०, पदाधिकारी ११. पाणी सोडायला माणूस मात्र एकच, आणि त्याचाही पगार थकलेला.

आणि कुठल्या पक्षाची वार्ता, तेही दर वेळी नीट बघावं लागतं. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. तेव्हापासून भाऊंच्या या व्हॉट्सॲप गटाचं नाव तेच राहिलं, फक्त मागचे फोटो सरकत गेले. एकदा तर आठ दिवस बॅनरवर मागे नुसतं आभाळ होतं, ढग होते, आणि पुढे भाऊ हात जोडून. निर्णय व्हायचा होता म्हणे. तो बॅनर मला मनापासून आवडला होता. एवढा खरा बॅनर त्यांनी पुन्हा काढला नाही.

तर मी उत्तर लिहिलं. चार परिच्छेद, आकडेमोडीसह, शुद्धलेखन तपासून. पाठवायला गेलो तर खाली अक्षरं आली, 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात'. जनसंपर्क गट म्हणे! संपर्क त्यांचा, जन आम्ही. गेल्या वर्षी वैतागून मी या गटातून बाहेर पडलो होतो, तर तासाभरात मला गट क्रमांक १४ मधून उचलून १७ मध्ये घातलं. मग म्हटलं, निदान मुद्दा ६ चा पुरावा तरी जपून ठेवू. मेसेजवर बोट दाबून धरलं, बोट घसरलं, आणि माझ्या नावाने अंगठा गेला. अंगठे देणाऱ्यांत मी २१५ वा. घाईघाईने तो काढायला गेलो तर अंगठ्याच्या जागी टाळ्या गेल्या.

बायको एवढा वेळ शांतपणे भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "चष्मा नीट लावा आधी, मग बोटं मारा."

चष्मा. आता खोटं कशाला बोलू. हा चष्मा भाऊंच्या वाढदिवसाच्या मोफत नेत्रतपासणी शिबिरात मिळालेला आहे. डबीवर त्यांचा फोटो आहे, हात जोडलेला. शिबिरात फॉर्म भरताना मोबाइल नंबर मीच लिहिला होता, सुवाच्य अक्षरांत, आणि रांगेत पुढं घुसणाऱ्याशी भांडलोही होतो. नंतर भाचीच्या वसतिगृहाच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र आणायला गेलो, तेव्हा भाऊंच्या बंगल्यावर दोन तास बसून 'भाऊंचं काम लई मोठं' असं म्हणणाऱ्यांच्या माना हलत होत्या. त्यांत एक मान माझी होती. पत्र मिळालं. प्रवेश नाही झाला, पण पत्र सुंदर होतं, शुद्धलेखनाची एकच चूक. 'दिर्घ'.

तेवढ्यात आई अंगणातून आत आली. म्हटलं, बघ, तुझा फोटो काढून काय लावलंय त्यांनी. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, मग माझ्या नाकावरचा चष्मा काढून स्वतः लावला.

"बरी आलीय की रं मी," म्हणाली. "ही मोठी करून देतील का कुठं? तुझ्या बापाच्या शेजारी लावायला."

मी म्हटलं, आई, अगं खोटं आहे ते सगळं, नळाला पाणी कुठंय?

"व्हतं की त्या दिवशी," ती म्हणाली, आणि बराच वेळ फोटोतल्या पाण्याकडे बघत राहिली. "त्यांना इचार, परत कवा येनार हायत फोटू काढाया. आदल्या रातीला पिंप घासून ठेवते."