खुलासा: कथेतला ‘मी’ म्हणजे लेखक नव्हे

लघुकथेच्या संज्ञांबद्दलचा एक मेसेज सध्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय की कथा ‘मी’ सांगत असेल तर निवेदक (गोष्ट सांगणारा) म्हणजे लेखकच, आणि ‘तो’ किंवा ‘ती’ असेल तर निवेदक सर्वज्ञ, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाणणारा. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

निवेदकही पात्रांसारखाच लेखकाने घडवलेला असतो. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेतला ‘मी’ एका म्हाताऱ्याचा खून करतो आणि आपण वेडे नाही हे पटवत राहतो. ती काही पो यांची कबुली नाही. उलट या ‘मी’वर किती विश्वास ठेवायचा, यातच कथेची सारी ताकद आहे. अशा निवेदकासाठी अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा मांडली. लेखक आणि निवेदक एकच मानले, तर तिला अर्थच उरत नाही.

तृतीयपुरुषी (‘तो’, ‘ती’ वापरणारं) निवेदन सर्वज्ञ असू शकतं, पण पुष्कळदा ते एकाच पात्राला दिसतं-कळतं तेवढंच सांगतं. म्हणून सर्वनामावर थांबू नका, कोणाच्या मनात आपल्याला शिरता येतं ते पाहा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.